मेदाचा नांगर कुठे अडला: वारशाने आलेल्या जीपीआय-कमतरतेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

दोन कुटुंबं, एकमेकांशी काहीही संबंध नसलेली. दोन्हीकडे नात्यातली लग्नं. दोन्हीकडच्या आजारी मुलांमध्ये दोन गोष्टी एकत्र दिसत होत्या: शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होणं, तेही यकृताशी जोडलेल्या मोठ्या शिरांत, आणि फिट येणं. लंडनमधल्या रक्तविकारतज्ज्ञांनी जपानच्या ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांना सोबत घेऊन या आजाराचं मूळ शोधलं आणि २००६ साली ते प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, याच विकाराच्या एका मुलावर केलेल्या उपचाराची हकीकत आली. मुलांची नावं-गावं इथे दिलेली नाहीत आणि त्यांची गरजही नाही.

मी पेशीजीवशास्त्र शिकवते. जीपीआय, म्हणजे काही प्रथिनांना जहाजाच्या नांगरासारखं पेशीच्या पटलाशी धरून ठेवणारा मेदाचा रेणू, हा विषय पाठ्यपुस्तकात बहुधा एका चौकटीत उरकलेला असतो, आणि विद्यार्थी तो परीक्षेपुरता पाठ करून सोडून देतात. त्याचं मला वाईट वाटतं. या प्रकरणात त्या चौकटीतली एकच पायरी मंदावली आणि त्याचे परिणाम थेट एका मुलाच्या मेंदूपर्यंत गेले. कुठली पायरी ते नेमकं कळलं, म्हणून औषधही सापडलं. पुढचा प्रत्येक निर्णय याच साखळीवर उभा असल्यामुळे ती आधी नीट सांगते.

पेशी हा नांगर कसा बांधते

पेशीच्या पृष्ठभागावरची बरीच प्रथिनं पटलाच्या आरपार गेलेली असतात. काही मात्र संपूर्ण बाहेरच असतात आणि फक्त एका मेदाच्या रेणूने पटलाला धरून राहतात. हा रेणू म्हणजे ग्लायकोसिल-फॉस्फॅटिडिल-इनॉसिटॉल, रोजच्या बोलण्यात जीपीआय. माणसात १५० हून जास्त प्रथिनं अशी नांगरलेली आहेत. लाल पेशींना स्वतःच्याच शरीराच्या पूरक प्रथिनांच्या (एरवी जंतूंवर तुटून पडणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांच्या) हल्ल्यापासून वाचवणारी सीडी५५ आणि सीडी५९ त्यात येतात, पांढऱ्या पेशींवरची सीडी१६ येते, फोलेट आत घेणारा एक ग्राहक येतो आणि अल्कलाइन फॉस्फेटेजसारखी एन्झाइमंही येतात.

नांगराची जुळणी आंतर्द्रव्यजालाच्या, म्हणजे पेशीच्या आत पसरलेल्या पटलांच्या जाळ्याच्या, पटलावर होते. सुरुवात त्या पटलाच्या बाहेरच्या, म्हणजे पेशीद्रवाकडच्या बाजूला. फॉस्फॅटिडिल-इनॉसिटॉल या साध्या पटल-मेदावर एन-ॲसिटिल ग्लुकोसअमाइन नावाची साखर बसवली जाते. हे काम सात प्रथिनांचा एक गट करतो आणि त्यातलं प्रत्यक्ष साखर जोडणारं प्रथिन म्हणजे पीआयजीए. पुढच्या पायरीला पीआयजीएल त्या साखरेवरचा ॲसिटिल गट काढून टाकतं. मग हा अर्धवट रेणू पटलात उलटा होऊन जालाच्या आतल्या बाजूला येतो. तिथे पीआयजीडब्ल्यू इनॉसिटॉलवर एक मेदाम्ल चढवतं.

यानंतर मॅनोज या साखरेचे तीन मणी एकापुढे एक जोडले जातात. पहिला जोडतं पीआयजीएम, आणि त्याला टिकून राहायला पीआयजीएक्स हा जोडीदार लागतो. दुसरा जोडतं पीआयजीव्ही आणि तिसरा पीआयजीबी. मधल्या काळात मॅनोजवर इथेनॉलअमाइन फॉस्फेटचे गट बसवले जातात. तिसऱ्या मॅनोजवरचा गट सगळ्यात महत्त्वाचा, कारण प्रथिन अखेरीस त्यालाच जोडलं जातं.

जोडणीचं काम ट्रान्सअमायडेज या पाच प्रथिनांच्या यंत्रणेचं. नांगर लागणाऱ्या प्रथिनाच्या शेपटीला पाण्यापासून पळणारा एक छोटा तुकडा असतो. ट्रान्सअमायडेज तो कापतं आणि त्याच जागी तयार जीपीआय बसवतं. पुढे हे जाल आणि गॉल्जी (प्रथिनांची शेवटची घडण करून त्यांना पुढे पाठवणारा पेशीचा भाग) यांच्यात काही गट काढले जातात, मेदाम्लं बदलली जातात आणि प्रथिन पृष्ठभागावर पोचतं. या सगळ्या कामात वीसहून अधिक जनुकं गुंतलेली आहेत.

त्यातलं पीआयजीए तेवढं एक्स गुणसूत्रावर आहे, बाकीची इतर गुणसूत्रांवर. या एका गोष्टीने वैद्यकशास्त्राला बराच काळ एकाच आजाराकडे बघायला लावलं.

अडचण

तो आजार म्हणजे पीएनएच, पूर्ण नाव पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिनुरिया. यात अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत आयुष्यात मध्येच पीआयजीएचं जनुक बिघडतं. पुरुषात एक्स गुणसूत्र एकच, आणि बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच चालू, त्यामुळे एक बिघाड पुरतो. त्या मूळपेशीच्या वंशातल्या सगळ्या रक्तपेशी नांगराविना जन्मतात, लाल पेशींवर सीडी५९ नसते आणि त्या रक्तवाहिनीतच फुटतात. हे पीआयजीए जनुक ओसाकाच्या गटानेच १९९३ साली शोधलं. इतर जनुकांच्या दोन-दोन प्रती चालू असतात, त्यामुळे मूळपेशीत दोन्ही एकदम बिघडणं दुर्मीळ. म्हणून पीएनएच म्हणजे जवळजवळ कायम पीआयजीए.

पीएनएचच्या रोग्यांनाही पोटातल्या शिरांत गुठळ्या होतात, त्यामुळे या मुलांच्या बाबतीत तिकडे लक्ष जाणं साहजिक होतं. पण चित्र जुळत नव्हतं. पीएनएच वारशाने येत नाही, इथे तर आजार कुटुंबातच होता. पीएनएचमध्ये लाल पेशी फुटतात, या मुलांत ते ठळक लक्षणच नव्हतं. आणि पीएनएचने सहसा फिट येत नाहीत, कारण तो रक्ताचा आजार आहे, मेंदूच्या पेशी त्यात शाबूत असतात.

दुसऱ्या बाजूने एक समज पक्का होता: जीपीआयचा दोष वारशाने आला तर गर्भ वाढणारच नाही. उंदरांत पीआयजीए पूर्ण काढून टाकलं तर गर्भ जगत नाहीत, हे माहीत होतं. म्हणजे वारशाने येणारी जीपीआय-कमतरता असलीच तर ती अर्धवट असणार. काही नांगर बनत असतील, पुरेसे बनत नसतील.

पहिला निर्णय: रक्त फुटत नसतानाही पृष्ठभाग तपासणं

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. लाल पेशी फुटत नाहीत म्हणून पीएनएच नाही, म्हणून जीपीआयचा विचार सोडून द्यायचा, ही सरळ वाट होती. ती न धरता पांढऱ्या पेशींवरची जीपीआय-प्रथिनं मोजली गेली आणि ती फार कमी निघाली.

ही तपासणी फ्लो सायटोमीटरवर होते. जीपीआयला किंवा जीपीआय-प्रथिनाला चिकटणारं चमकणारं अभिकारक रक्तात मिसळतात आणि एकेक पेशी किरणासमोरून जाताना तिची चमक नोंदली जाते. पीएनएचच्या रोग्याचा आलेख एकदा बघितला की विसरत नाही: उजवीकडे चमकणाऱ्या चांगल्या पेशींचा उंचवटा, डावीकडे अंधाऱ्या पेशींचा दुसरा, मध्ये दरी. दोन वंशाच्या पेशी एकाच रक्तात. वारशाने आलेल्या दोषात असे दोन कळप दिसायचं कारण नाही, कारण चूक प्रत्येक पेशीत असते. तिथे एका प्रकारच्या पेशींचा अख्खा उंचवटाच डावीकडे सरकतो. थोडासा सरकलेला असेल तर घाईत बघणारा तो नॉर्मल म्हणून सोडूनही देईल. अहवालात ‘पीएनएच क्लोन आढळला नाही’ असं एक वाक्य येईल, ते खरंही असेल, आणि निदान हातचं जाईल.

इथे आणखी एक फसवी गोष्ट होती. ग्रॅन्युलोसाइटसारख्या पांढऱ्या पेशींवर कमतरता मोठी होती, लाल पेशींवर मात्र नांगर जवळपास पुरेसे होते. नुसत्या लाल पेशी तपासल्या असत्या तर काहीच हाती लागलं नसतं.

दुसरा निर्णय: कोणती पायरी?

पीआयजीए हा पहिला संशयित, पण तो इथे दोषी नव्हता. मग उरलेल्या वीसेक जनुकांपैकी कोणतं? २००६ साली सगळी जनुकं एका दमात वाचून घेण्याची सोय नव्हती, आणि मला वाटतं त्या अभावाने या गटाचं भलंच केलं. त्यांना साखळीकडे बघावं लागलं. जुळणी जिथे अडते तिथपर्यंतचा अर्धवट रेणू पेशीत साचतो आणि त्यापुढचे रेणू दिसत नाहीत. इथे रेणूवर मॅनोज चढत नव्हता. अडथळा पहिल्या मॅनोजपाशी, म्हणजे पीआयजीएमच्या पायरीला होता.

आणि तरीही पीआयजीएम प्रथिन ज्या मजकुरातून बनतं, त्यात चूक नव्हती.

अशा वेळी ‘हे जनुक नसावं’ म्हणून पुढच्याकडे वळणं सोपं असतं. पण पेशींमध्ये पीआयजीएमचा संदेश-आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून काढलेली नक्कल, फारच थोडा होता. एन्झाइम बरोबर, पण मात्रा अपुरी. म्हणून शोध जनुकाच्या आधीच्या भागाकडे, जिथून त्याचं वाचन सुरू व्हायचा आदेश मिळतो त्या प्रमोटरकडे वळला. तिथे डीएनएच्या मजकुरात २७० अक्षरं मागे ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘जी’ आला होता. दोन्ही कुटुंबांत तोच बदल, आणि आजारी मुलांना तो आई आणि वडील दोघांकडून मिळालेला.

ती जागा एसपी१ नावाच्या प्रथिनाच्या बसण्याची होती. एसपी१ तिथे बसलं की जनुकाभोवतीच्या हिस्टोनांवर ॲसिटिल गट लागतात. डीएनए हिस्टोनांवर रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो, आणि ॲसिटिल गट लागले की ती गुंडाळी सैल होऊन जनुक वाचता येतं. एक अक्षर बदललं, एसपी१ बसेना, ॲसिटिल गट कमी झाले, गुंडाळी घट्ट राहिली आणि पीआयजीएमचं वाचन मंदावलं.

लाल पेशी का वाचल्या, याचं उत्तर पुढच्या काही वर्षांत याच दिशेच्या कामातून आलं: लाल पेशी घडवणाऱ्या पेशींमध्ये पीआयजीएमचं वाचन एसपी१वर अवलंबून नसतं. तिथे ती जागा बिघडली तरी काम चालू राहतं. म्हणून सीडी५९ शाबूत, म्हणून लाल पेशी फुटत नाहीत, आणि म्हणूनच सुरुवातीला चित्र जुळत नव्हतं.

समोरचे पर्याय

हे सगळं कळल्यावर अशा मुलासाठी काय करता येतं? पर्याय मांडून बघू.

गुठळ्यांसाठी रक्त पातळ करणारी औषधं. ती लागतातच, पण त्यांनी नांगर वाढत नाहीत आणि फिटवर त्यांचा काही परिणाम नाही.

फिटची नेहमीची औषधं. २००७ च्या हकीकतीतल्या मुलाच्या फिट त्यांना दाद देत नव्हत्या.

अस्थिमज्जा प्रत्यारोपण. पीएनएचमध्ये मूळ दोष काढून टाकणारा उपाय हाच. इथे नव्या मज्जेतून निघालेल्या रक्तपेशींवर नांगर आले असते, पण मेंदूतल्या पेशींत पीआयजीएम तितकंच मंद राहिलं असतं. प्रत्यारोपणाचा जीवघेणा धोका पत्करायचा आणि मुलाचा सगळ्यात मोठा त्रास तसाच ठेवायचा, हा सौदा मला पटत नाही.

चौथा पर्याय बिघाडाच्या स्वरूपातूनच पुढे येत होता. जनुक शाबूत आहे, फक्त बंद पडल्यासारखं आहे, कारण ॲसिटिल गट कमी आहेत. मग ते काढून टाकणारी एन्झाइमं रोखली तर? ब्युटिरेट हेच करतं. त्याचाच भाऊ सोडियम फिनाइलब्युटिरेट अमेरिकेत १९९६ पासून युरिया चक्राच्या (शरीरातला अमोनिया निकामी करणाऱ्या साखळीच्या) जन्मजात विकारांसाठी मंजूर होता, तोंडाने घेता येत होता आणि लहान मुलांना वर्षानुवर्षं दिलेला होता. म्हणजे औषध नवं नव्हतं, कारण नवं होतं.

या पर्यायातही काळजीच्या जागा होत्या. असं औषध एकाच जनुकाला निवडत नाही, इतर कित्येक जनुकांचं वाचनही हलवतं. एक ग्रॅम सोडियम फिनाइलब्युटिरेटमध्ये सुमारे १२४ मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि युरिया चक्राच्या विकारांत लागणारी रोजची मात्रा ग्रॅमांत असते. यकृताच्या शिरांत गुठळ्या असलेल्या मुलात सोडियमचा हा भार मोजूनच द्यावा लागतो. शिवाय ते चवीला कडू असतं, आणि आजारी मुलाला दिवसातून अनेकदा कडू औषध पाजणाऱ्या आईसाठी ही क्षुल्लक गोष्ट नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण वर्गात दरवेळी कोणीतरी विचारतं. लोण्या-तुपात ब्युटिरिक आम्ल असतं, आपल्या आतड्यातले जीवाणूही ते बनवतात. पण आतड्यातलं ब्युटिरेट बहुतेक आतड्याच्याच पेशी वापरून टाकतात. तूप खाऊन मेंदूतलं पीआयजीएम वाढेल, असं कुणाही पालकाला सांगू नये.

प्रत्यक्ष काय केलं

औषध लगेच मुलाला दिलं नाही. आधी रोग्याच्याच पेशी प्रयोगशाळेत ब्युटिरेटमध्ये ठेवून बघितल्या. पीआयजीएमच्या प्रमोटरभोवती ॲसिटिल गट वाढले, त्याचं वाचन वाढलं आणि पृष्ठभागावर जीपीआय वाढलं. हा परिणाम एसपी१च्या मदतीनेच होत होता, हेही तपासलं. एका दुर्मीळ आजारात, जिथे मोठी चाचणी कधी होणारच नाही, तिथे रोग्याच्या स्वतःच्या पेशींवर ही तपासणी करूनच पुढे जाणं मला अतिशय जबाबदारीचं वाटतं.

त्यानंतर फिट न थांबणाऱ्या त्या मुलाला सोडियम फिनाइलब्युटिरेट सुरू केलं.

परिणाम

मुलाच्या रक्तातही तेच दिसलं. पीआयजीएमचं वाचन वाढलं, पेशींवरचं जीपीआय वाढलं. आणि कशालाही न ऐकणाऱ्या फिट पूर्ण थांबल्या.

हे वाक्य मी कितीदा वाचलं तरी थांबते. फिटमागचं नेमकं कारण एकच असेल असं नाही, पण एक दुवा फार सुंदर आहे. ब जीवनसत्त्वाचा सहावा प्रकार, बी६, रक्तात फॉस्फेट लागलेल्या रूपात फिरतो आणि त्या रूपात पेशीत शिरू शकत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरचं अल्कलाइन फॉस्फेटेज ते फॉस्फेट काढतं, मग जीवनसत्त्व आत जातं. मेंदूला शांत ठेवणारं गाबा हे रसायन बनवायला बी६ लागतंच. आणि अल्कलाइन फॉस्फेटेज जीपीआयनेच नांगरलेलं असतं. नांगर नाही, म्हणून एन्झाइम जागेवर नाही, म्हणून बी६ आत नाही, म्हणून गाबा कमी.

या निकालाची मर्यादाही स्पष्ट मांडायला हवी. एक मूल, तुलनेला दुसरा गट नाही. आणि हे औषध इथे चाललं ते दोष प्रमोटरमध्ये होता म्हणून. एन्झाइमच्या मजकुरातच चूक असेल तर वाचन वाढवून तेच सदोष एन्झाइम जास्त बनेल. कधी त्याचाही थोडा उपयोग होईल, पण या प्रकरणाच्या आधारावर तशी आशा कुणाला दाखवणं बरोबर नाही.

आज हेच मूल आलं तर

२०१० साली पीआयजीव्हीतला दोष एक्झोम वाचून सापडला, आणि त्यानंतर या साखळीतल्या एकामागून एक जनुकांचे वारशाने येणारे विकार उघड झाले. आज फिट आणि वाढ मंदावलेलं मूल आलं की पहिली तपासणी बहुधा एक्झोमचीच सांगितली जाते. पण एक्झोम म्हणजे प्रथिनांचा मजकूर असलेला भाग, संपूर्ण जनुकसंचाचा अगदी छोटा हिस्सा. २७० अक्षरं मागच्या प्रमोटरमधला बदल त्यात दिसेलच असं नाही. म्हणजे २००६ साली सापडलेलं निदान आज आधुनिक तपासणीत निसटू शकतं. म्हणून मी म्हणेन, शंका आली तर ग्रॅन्युलोसाइटवरचं जीपीआय आधी बघा, जनुक नंतर. मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबमध्ये पीएनएचसाठी ही तपासणी होतेच. फक्त नमुना ताजा हवा, कारण ग्रॅन्युलोसाइट एक-दोन दिवसांत खराब होतात. आणि चिठ्ठीवर ‘वारशाने येणाऱ्या कमतरतेची शंका’ असं लिहायला हवं, म्हणजे बघणारा दोन कळप शोधत बसणार नाही.

दुसरी सावधगिरी रक्तातल्या अल्कलाइन फॉस्फेटेजची. पीआयजीव्ही किंवा पीआयजीओच्या (तिसऱ्या मॅनोजवर इथेनॉलअमाइन फॉस्फेट बसवणाऱ्या प्रथिनाच्या) दोषात ते वाढलेलं असतं, म्हणून अनेकजण तो आकडा बघून जीपीआयचा विचार करतात किंवा सोडून देतात. पण ते वाढतं कसं ते बघा. अर्धवट रेणूवर निदान एक मॅनोज असेल तर ट्रान्सअमायडेज फसतं, प्रथिनाची शेपटी कापतं, नांगर बसवू शकत नाही आणि एन्झाइम सुटून रक्तात जातं. पहिला मॅनोजच नसेल तर ट्रान्सअमायडेज कापतच नाही आणि ते प्रथिन पेशीतच नष्ट केलं जातं. म्हणून पीआयजीएमच्या दोषात हा आकडा वाढण्याची अपेक्षाच नाही. तो नॉर्मल आला म्हणून जीपीआयवर फुली मारू नये.

तिसरी गोष्ट बी६. वारशाने आलेल्या जीपीआय-कमतरतेतल्या काही मुलांच्या फिट बी६ दिल्यावर थांबल्याचं नंतर नोंदलं गेलं आहे. आज निदान होताच डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो प्रयोग मी सगळ्यात आधी सुचवेन, फिनाइलब्युटिरेटच्याही आधी.

आणि कुटुंब. नात्यातली लग्नं आपल्याकडेही होतात, मामाच्या मुलीशी लग्न तर कित्येक घरांत रीतीचं मानलं जातं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. अशा जोडप्याला सल्ला देताना दोषी मानून वागवू नये, आणि गर्भाची तपासणी करायची झाली तर लॅबला जनुकाच्या नावासोबत प्रमोटरमधली ती नेमकी जागाही लिहून द्यावी, नाहीतर मजकूर तपासून ‘सगळं ठीक’ असा अहवाल येऊ शकतो.